चांगुणाकाकीचा आख्खा पिक्चर

आमच्या खोपटच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर दळवी राहतात. गेल्या महिन्यात त्यांनी एका बेडरूमचं होम थिएटर केलं आणि परवा आम्हाला बघायला बोलावलं. पाठ टेकली की पाय वर येणाऱ्या सहा खुर्च्या, छताला चांदण्या, भिंतींना गुबगुबीत गाद्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात लपवलेले स्पीकर. प्रत्येक वस्तू कुठल्या देशातून आली ते दळवींनी सांगितलं. मग पिक्चर लावला. दहाव्या मिनिटाला त्यांचा फोन वाजला, पिक्चर थांबवला. विसाव्या मिनिटाला पॉपकॉर्न आलं, पिक्चर थांबवला. मग सुनेचं कुरियर आलं. चौथ्यांदा थांबवल्यावर मी उठलेच. नवरा दंडाला चिमटा काढत होता, तरी बोलले, "दळवी, खोली झकास झालीय हो, पण हे थिएटर नाही."

त्यांचा चेहरा पडला. पडू दे. मी खरं थिएटर बघितलंय, मानपाड्याला, पत्र्याच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत. आणि ते उभं करताना एका बाईने जो दंगा केला तोही बघितलाय.

चांगुणाकाकी आमची घरमालकीण. मानपाड्याची जुनी आगरी मंडळी. पूर्वी भातशेती होती, मग कारखाने आले, शेतं गेली, आणि उरलेल्या जागेवर तिच्या मुलाने, अनंताने, चाळ बांधली. आम्ही तिथे सात वर्षं भाड्याने राहिलो. अनंताचा रेती-विटांचा धंदा, गळ्यात अंगठ्याएवढी साखळी, दारात मोठी गाडी. काकी मात्र गुडघ्याच्या वर चापून नेसलेल्या लुगड्यात, पहाटे उठून चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि कारखान्यांजवळच्या दोन खानावळींना विकायची. अनंताला लाज वाटायची. "आये, लोक काय म्हनतील? आपल्याला काय कमी हाय?" काकी भाकरी उलटत म्हणायची, "तुना नाय कमी. मना हाय." बस, विषय संपला.

मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून ती मला 'मास्तरनी' म्हणायची. संध्याकाळी कट्ट्यावर बसली की ती पिक्चरच्या गोष्टी सांगायची, आणि सांगायची तर अशी की समोरचा भाजी निवडायचं विसरायचा. हिरो कसा चालतो, सासू कशी डोळे फिरवते, सगळं करून दाखवायची. आणि ऐन रंगात आलं की एकदम थांबायची.

"मंग? पुढे काय झालं काकी?"

"पुढं कायला? तवरच मना उठवला."

मला आधी वाटायचं, ही मुद्दाम ताणते. नंतर कळलं की तिला खरंच पुढचं ठाऊक नसायचं. आयुष्यात तिने एकही पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेला नव्हता. घरात टीव्ही आला तेव्हापासून ती दारात उभी राहून, हातात काहीतरी घेऊन बघायची. जरा टेकली की हाक यायची. आये, पाणी. आये, पाहुणे. आये, माझा टॉवेल कुठाय. घरात शंभर पिक्चर लागले असतील, तिला सगळ्यांचे तुकडेच माहीत. काहींचे शेवट तिने स्वतः रचलेले, आणि चाळीतल्या आम्हा बायकांना तेच खरे वाटायचे. एकदा मी एक पिक्चर टीव्हीवर पूर्ण बघितला आणि त्यात खलनायक वाचला तेव्हा मला इतका राग आला म्हणून सांगू! काकीच्या शेवटात त्याला म्हैस तुडवून मारते.

पण एका पिक्चरचा शेवट तिने कधीच रचला नाही. तो पिक्चर तिने थिएटरात बघितला होता.

लग्न होऊन चार-सहा महिने झाले असतील. ती आणि तिची नणंद वत्सला, दोघी बांगड्या भरायला म्हणून डोंबिवलीला गेल्या आणि दुपारच्या खेळाला घुसल्या. काकी सांगायची, "खुर्चीत बसली आनी आंधार झाला. मास्तरनी, मना वाटला, आता मना कोनीच बगत नाय. मीच बगतंय." पिक्चरमध्ये एक मुलगी होती, तिला सगळ्या गावाने छळलेलं. शेवटी ती विहिरीत उडी मारते. एक म्हातारा धावत येतो, वरून दोर सोडतो. दोर खाली खाली चाललाय, मुलगी गटांगळ्या खातेय, हात वर करतेय. आणि तेवढ्यात डोअरकीपर बॅटरी मारत आला. "चांगुणा कोण आहे? घरून बोलावणं आलंय."

दारात सासरा उभा. "पाव्हने आलेत. भाकऱ्या कोन थापनार?"

सगळं थिएटर मान वळवून तिच्याकडे बघत होतं. ती उठली. वत्सलाही उठली. "मी चालताना मागं वलून बगला," काकी म्हणायची, "पन दोर आजून वरच होता." पन्नास वर्षं झाली होती, पण गोष्ट त्या जागीच संपायची.

मी इंटरनेटवर तो पिक्चर खूप शोधला. नाव तिला माहीत नाही, हिरोईन नवखी, गाणं एकही आठवत नाही. कसा सापडणार?

एका सकाळी दूध घ्यायला बाहेर आले तर काकी चाळीच्या शेवटच्या खोलीच्या दाराशी सुताराबरोबर हुज्जत घालत होती. त्या खोलीत पूर्वी भात ठेवायचे. भात गेलं, एक मोडकी कणगी तेवढी उरली होती. सुतार दाराला बाहेरून कडी लावायला बघत होता आणि काकी ओरडत होती, "आतून! आतून लाव म्हनते ना!"

"काय चाललंय काकी?"

"थेटर काडते," ती म्हणाली. "मना येक पिक्चर आख्खा बगायचाय. मरायच्या आदी. मदी कोनी उठवायचा नाय."

मी हसले. मग तिचा चेहरा बघितला आणि हसणं गिळलं.

अनंता हसला नाही, भडकला. म्हणाला, हॉलमध्ये भिंतभर टीव्ही लावून देतो, आजच्या आज. काकी म्हणाली, "हॉलला दार हाय का?" बिचाऱ्याला कळेचना की टीव्हीचा आणि दाराचा संबंध काय. पैशांचंही तिने तेव्हाच सांगून टाकलं. जे होईल ते भाकरीच्या पैशांत, जे घरात आहे ते विकत आणायचं नाही. "पोराचा पैसा घेतला का पोराचाच पिक्चर बगावा लागतो," हे तिचं म्हणणं. मी आजवर बजेटवर पुष्कळ भाषणं ऐकली, पण इतकं चोख कोणी बोललेलं नाही.

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे काकी, मी आणि माझा नवरा विनायक, ज्याला कोणी विचारलंही नव्हतं.

आधी अंधार. खिडकी खोक्यांच्या पुठ्ठ्याने बंद केली, त्यावर मंडपवाल्याचं फाटकं काळं कापड. पण पत्रे जुने, त्यांना खिळ्यांची भोकं. भर दुपारी काकी आत दार लावून बसायची आणि भोकं मोजायची, विनायक वर डांबराचा डबा घेऊन. "उजवीकडं! आजून उजवीकडं! आरं, तुजा उजवा नाय, माजा उजवा!" तीन दुपारी लागल्या. विनायकाचे दोन शर्ट गेले. पण चौथ्या दिवशी मी आत उभी राहिले तर स्वतःचा हात दिसेना.

मग आवाज. खोली रिकामी, बोललं की भिंती उलट बोलायच्या. मी कुठेतरी वाचलेलं की अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचे. सगळ्या चाळीने दीड महिना अंडी खाल्ली. ट्रे लावले आणि फरक शून्य, वर पालींची सोय झाली. काकीने एक दिवस सगळे ट्रे ओरबाडून काढले आणि पेटीतल्या जुन्या गोधड्या आणून खिळ्यांवर टांगल्या. आवाज जागच्या जागी गप्प.

"गोधडीत पोर झोपतंय," ती म्हणाली, "आवाज का नाय झोपनार?"

काकीच्या पुतण्याने त्याचे हळदीत वाजवायचे मोठे डीजे स्पीकर फुकट देऊ केले. एकदाच लावून बघितले, ट्यूबलाइट खाली आली. परत पाठवले. मग अडगळीतली दोन लहान स्पीकरची खोकी झाडून पुसून बसवली, तिथलाच जुना सीडी प्लेअर जोडला आणि त्यावर भागलं. प्रोजेक्टर डोंबिवलीतल्या एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासकडून जुना मिळाला. त्याचा दिवा मंद झालेला, चित्र मोठं केलं की फिकं पडायचं. माझा हट्ट, भिंतभर हवं. काकीने मशीन उचलून पुढे ठेवलं, चित्र चादरीएवढं झालं, पण त्यात जीव आला.

"मोटा नको मना," ती म्हणाली. "आख्खा पायजे."

आता पडदा. इथे जे झालं त्याची जबाबदारी माझी आहे, ती मी घेते.

पडदा विकत आणायचा नाही, भिंतच पांढरी करायची, असं ठरलं. काकीने स्वतः चुना भिजवला आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यात नीळ टाकली. नीळ घातल्याशिवाय चुना पांढरा दिसत नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. भिंत अशी झळकली की बघत राहावं. संध्याकाळी प्रोजेक्टर लावला. हिरो निळा. हिरोईन निळी. एक तान्हं मूल होतं, ते तर असं निळं की वत्सलाआत्या "आगं बाय, याला साप चावला" म्हणून ओरडलीच.

काकी हिरमुसली. तेव्हा मी, विज्ञानाची मास्तरीण, छाती काढून पुढे झाले. म्हटलं, निळ्याला पिवळा मारतो. चुन्याचा दुसरा हात द्यायचा, त्यात जराशी हळद टाकायची. निळा गेलाच समजा.

काकीने माझ्याकडे एकदा बघितलं. "हलद? चुन्यात?"

"थोडीशीच हो."

"तू मास्तरनी हायस," ती म्हणाली आणि हळदीचा डबा आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत गलका झाला म्हणून धावत गेले. भिंत लाल! एखाद्या देवीच्या देवळासारखी कुंकवाची भिंत. हळदीत चुना पडला की कुंकू होतं. हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गात करून दाखवते. मुलं टाळ्या वाजवतात. आणि स्वतःच्या हाताने काकीच्या पडद्याचं मी कुंकू करून ठेवलं. बायका हसून हसून कट्ट्यावर लोळत होत्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. काकीने तर आत जाऊन भिंतीला बोट लावलं आणि ते माझ्या कपाळाला टेकवलं.

"तुना ठावं होता?" तिने विचारलं.

"हो."

"मना बी ठावं होता," ती म्हणाली. "पन वाटला, शिकलेल्या बाईची हलद वेगली आसल."

सगळी भिंत खरवडली. पुन्हा साधा चुना, नीळ नाही, हळद नाही, फक्त भाताची पेज घातलेला. वाळल्यावर मऊ, दुधट पांढरी भिंत निघाली. पेज घालायचं तिनेच सुचवलं. मी त्या दिवसानंतर त्या खोलीत एकही सूचना केली नाही.

खुर्ची एकच. लाकडी, हातांची, सासऱ्याची. तिने हट्टाने तीच घेतली.

आणि एका दुपारी दोन वाजता चांगुणाकाकीचं थिएटर उघडलं. आत ती एकटी, कडी आतून. आम्ही सगळ्या बाहेर कट्ट्यावर कान लावून बसलो. गाणं झालं, मारामारी झाली. अर्धा तास गेला असेल आणि अनंता गाडीतून उतरला. "आये!" त्याने हाक मारली, "आये, च्या टाक, मानसा आल्यान!"

कडी वाजली. दार उघडलं. काकी पदर सावरत बाहेर आली, तीन-चार पावलं स्वयंपाकघराकडे चालली आणि मधेच थांबली. मागे वळून दाराकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे.

"मी उगडली कडी," ती म्हणाली. "त्यानं नाय. मीच उगडली."

मला तिच्याकडे बघवेना. सासऱ्याने उठवलं तर चीड येते. इथे कोणी हातही धरला नव्हता. ती चहा करून आली, माणसांना दिला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मास्तरनी, उद्यापास्नं तू बाहेर हुबी रा. मना हाका मार."

"कशाला?"

"सवय मोडायची हाय."

आणि खरंच, शाळा सकाळची असल्यामुळे रोज दुपारी मी त्या दाराबाहेर उभी राहून बोंबलत होते. आये पाणी! आये पाहुणे! आये दूध उतू गेलं! लोक मला वेडी म्हणायला लागले. पहिल्या दिवशी दुसऱ्या हाकेला ती उठली. तिसऱ्या दिवशी खुर्ची करकरली पण कडी वाजली नाही. आठव्या दिवशी मी "आये, आग लागली!" म्हणून किंचाळले तर आतून आवाज आला, "मंग इजव!"

त्या दिवशी आम्ही दोघींनी भजी खाल्ली.

सवय मोडली, पण खोली जायची वेळ आली. काकी भाचीच्या बाळाच्या बारशाला खडवलीला दोन दिवस गेलेली. परत आली तर शेवटच्या खोलीत छतापर्यंत कुठल्यातरी कंपनीची खोकी. गोधड्या बाहेर ढिगात, प्रोजेक्टर धुण्याच्या दगडावर, खुर्ची उलटी. मी अनंताशी भांडले होते. तो म्हणाला होता, "मॅडम, खोली फुकट पडलीय. गिऱ्हाईक आलाय, दिली भाड्यानं. आयेला काय, चार दिवस रुसंल." काकीने सगळं बघितलं. प्रोजेक्टर पदराने पुसून आमच्या घरात आणून ठेवला. मला वाटलं, संपलं.

चौथ्या दिवशी अनंताच्या मोठ्या मुलाची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खं गाव जेवायला, आणि तांदळाच्या भाकरीशिवाय ते जेवण उभंच राहत नाही. सकाळपासून मंडपामागे चुली पेटल्या, पिठाच्या गोण्या उघडल्या, पंधरा-वीस बायका पराती घेऊन बसल्या. पण पहिलं पीठ काकीने मळायचं, पहिली भाकरी तिने थापायची, ही तिथली रीत. तिच्या हाताशिवाय कोणी तव्याला हात लावत नाही. काकी आली. नवं लुगडं, केसांत अबोली. चुलींवरून सरळ पुढे चालत गेली आणि शेवटच्या खोलीच्या दाराशी कट्ट्यावर जाऊन बसली.

उकळलेलं पाणी निवलं. पुन्हा तापवलं, पुन्हा निवलं. अनंता आला, अंगात सोनेरी शर्ट, कपाळाला घाम. "आये, चल ना. बायका खोलंबल्यान."

"खोली मोकली कर."

"आये, आज? आज पोराची हलद हाय!"

"म्हनून तं आज."

"आगं पाव्हने यायला लागलं!"

काकी त्याच्याकडे बघत म्हणाली, "तवा बी पाव्हनेच आलेले."

अनंताला काही कळलं नाही. मंडपामागे मात्र एक परात खाली ठेवल्याचा आवाज झाला. वत्सलाआत्या उठली. गुडघे धरत, वाकत, हाताचं पीठ झटकत आली आणि काकीशेजारी बसली. "बांगड्यांचा नाव करून आपन थेटरात गेलूं, ह्ये माज्या बापाला माज्यामुलंच कलला," ती हळूच म्हणाली, "पन्नास वरसा झाली, तुना सांगायची लाज वाटली. खेलाला जायच्या आदी मीच बोलून गेली घरात." काकीने तिच्याकडे बघितलंही नाही. फक्त बाजूला सरकून तिला जागा करून दिली. मग एकेक करून सगळ्या बायका आल्या. शेवटी अनंताची बायकोही आली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली. मला इतका आनंद झाला की मीही जाऊन बसले, माझा भाकरीशी काही संबंध नसताना.

अनंताने चारी बाजूंना बघितलं. लांबून डीजेवाला विचारत होता, चालू करू का. मग त्याने सोनेरी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि पहिलं खोकं स्वतः उचललं. तासाभरात खोली रिकामी झाली. काकी आत गेली, कडी दोनदा लावून काढून बघितली, आणि मग चुलीशी जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिने मान वर केली नाही. त्या दिवशीच्या भाकऱ्या अशा टम्म फुगल्या होत्या की लोक अजून नाव काढतात.

त्यानंतर तिचे खेळ सुरळीत झाले. डोंबिवलीतल्या एका बंद झालेल्या सीडी लायब्ररीवाल्याने तिला दोन गोण्या भरून जुन्या सीडी दिल्या होत्या. बहुतेकींवरची नावं पुसलेली. काकी डोळे मिटून एक काढायची आणि लावायची. कितीही रद्दी निघाली तरी शेवटची पाटी पडेपर्यंत उठायची नाही. "त्येंनी मेहनत केलीय," म्हणायची. पिक्चर भरपूर झाले, आख्खे. पण मला माहीत होतं, प्रत्येक सीडी लावताना ती कुठल्या विहिरीची वाट बघतेय. आता कट्ट्यावर ती गोष्टी शेवटापर्यंत सांगायची, आणि खरं सांगू, पहिल्या जास्त छान होत्या.

दिवाळीनंतर आम्ही खोपटला घर घेतलं. निघायच्या दिवशी सामान भरता भरता दुपार झाली. टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा. मी काकीला भेटायला गेले तर दार बंद, आतून कडी. घड्याळात साडेचार.

"काकी!" मी दार वाजवलं. "काकी, निघालो आम्ही."

मी पुन्हा वाजवलं.

"काकी, सराव नाहीये हा. खरंच निघालोय."

आतून पिक्चरमधल्या बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मग काकीचा आवाज आला, कापरा, तिचा वाटेचना. "मास्तरनी, हिरीत उडी मारलीय तिनं. म्हातारा धावतंय. मी नाय उठनार."

दाराच्या फळीत बोटभर फट होती, तिला डोळा लावला. सासऱ्याच्या खुर्चीत ती मांडी घालून बसलेली, पाठ ताठ. दोन्ही मुठी हनुवटीखाली. पेजेच्या भिंतीवरचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता आणि तोंड असं उघडं होतं की अठरा वर्षांची पोरच बसलीय आत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिने हात हलवला नाही. भिंत मला दिसत नव्हती. ती दिसत होती. तेवढ्यात अनंता आला. काकीने माझ्या ओटीसाठी आणवलेलं खण-नारळाचं ताट त्याच्या हातात. त्याने दाराकडे बघून हाक मारायला तोंड उघडलं, मी त्याचं मनगट धरलं.

"तो लागलाय," मी म्हटलं. "विहिरीचा."

हळदीनंतर वत्सलाआत्याने त्याला सगळं सांगितलेलं. त्याने ताट अलगद कट्ट्यावर ठेवलं, खिशातला फोन काढून बंद केला आणि दाराशी उभा राहिला. तिकडे टेम्पोवाल्याने कंटाळून हॉर्न दिला, एक लांबलचक.

"ये!" अनंता दबक्या आवाजात, पण असा खेकसला की तो दचकला. "हॉर्न बंद कर रं! पिक्चर चालू हाय."

मी नारळ उचलला आणि निरोप न घेता निघाले.

संध्याकाळी खोपटहून फोन केला. सामानाच्या ढिगात बसून विचारलं, "काकी, पोचला का दोर?"

ती खूप वेळ हसली. इतकं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "नाय सांगनार," ती म्हणाली. "जलमभर आर्दा सांगत आली. आता तू ये आनी आख्खा बग. सीडी बाजूला काडून ठेवलीय."

सहा महिने झाले. दर रविवारी ठरवते आणि कोणी ना कोणी मला उठवतंच. पाहुणे येतात, कोणाचा शर्ट सापडत नाही, गॅस संपतो. दळवींच्या थिएटरातून त्या दिवशी घरी आले तेव्हा मात्र मी नवऱ्याला सांगून टाकलं. या रविवारी मी मानपाड्याला जातेय. फोन घरी राहील. घराला आग लागली तर विझवा.